सासऱ्यांच्या पोटऱ्या

मागच्या वर्षी मे महिन्यात, एका शनिवारी सकाळी, शेजारच्या आजींनी आमची बेल वाजवली आणि मी दार उघडताच, हवापाण्याचं काहीएक न बोलता, इंग्रजीत विचारलं, "तुझ्या सासऱ्यांचे पाय मला थोडे दिवस मिळतील का?"

माझ्या हातात भिजवलेल्या पोह्यांची चाळणी होती. मी म्हणाले, "शुअर!"

कॅनडात आल्यापासून मला ही खोड लागली आहे. समोरच्यानं काहीही मागितलं की आधी शुअर म्हणायचं आणि मग त्यानं काय मागितलं याचा विचार करायचा. या एका शब्दापायी आमच्या मिल्टनच्या घराच्या गॅरेजमध्ये तीन शेजाऱ्यांचे विंटर टायर्स पडून आहेत आणि बेसमेंटमध्ये अख्ख्या मराठी मंडळाचा कपडेपट. अकरा निळे प्लास्टिकचे डबे. त्यांत फेटे, शेले, दाढ्या, मिशा, दोन मुकुट आणि एक गदा. नाटक कोणतंही असो, शिवणार मीच, आणि गदा सापडेनाशी झाली की फोनही मलाच. तेव्हा त्यात आणखी सासऱ्यांचे पाय, असं म्हणत मी आजींना आत घेतलं आणि पोहे फोडणीला टाकले.

आजी मूळच्या टांझानियाच्या. ऐंशीला टेकलेल्या, उंच, पाठीत पोक नाही. मुलीकडे राहतात. मुलगी इथल्या एका हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते आणि कोणी काही चुकीचं बोललं तर चारचौघांत दुरुस्त करते. माझे सासरे, म्हणजे बाबा, साताऱ्याकडचे, पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे आले. वय ब्याऐंशी. हिवाळ्यात बाहेर पाय घसरतो म्हणून मिल्टनमधले म्हातारे सकाळी मॉलमध्ये चालतात, दुकानं उघडायच्या आधी. तिथल्या हीटिंगनं बाबांना उकडतं, म्हणून ते हाफ पँट घालून चालतात. चालतात कसले, संचलन करतात. आजी त्यांच्या मागून. बाबांचं इंग्रजी येस, नो आणि व्हेरी गुड एवढ्यावर भागतं. आजींना लहानपणीच्या गुजराती दुकानदारामुळे चार हिंदी शब्द येतात. एवढ्या सामग्रीवर दोघांची तीन हिवाळ्यांची मैत्री होती.

आणि त्या तीन हिवाळ्यांत आजी बाबांच्या पोटऱ्या बघत होत्या! हे त्यांनी पोहे खाता खाता इतक्या सरळपणे सांगितलं की मला ठसका लागला.

"माझ्या वडिलांच्या अगदी अशाच होत्या," त्या म्हणाल्या. "आखूड, गोल, टणक. वडिलांचा चेहरा मला आठवत नाही. फोटोत आहे म्हणून माहीत आहे, पण आठवत नाही. पोटऱ्या आठवतात."

मग त्यांनी पर्समधून तो फोटो काढला. काळापांढरा, कोपरे झिजलेला. टांझानिया तेव्हा टांगानिका होतं, इंग्रजांच्या ताब्यातलं, आणि आजींचे वडील त्यांच्या पोलिसात शिपाई होते. तिकडे त्याला अस्करी म्हणतात. डोक्यावर गोंड्याची उंच टोपी, अंगात जर्सी, बाहीवर हुद्द्याची एक फीत, खाली खाकी हाफ पँट. गुडघ्याखालून घोट्यापर्यंत पायाला गुंडाळलेल्या लोकरी पट्ट्या. आणि त्याच्या खाली काहीच नाही. अनवाणी पावलं. वरून खालपर्यंत साहेबी थाट आणि जमिनीला टेकताना अचानक गरिबी, असा तो फोटो होता. मी इतकी वर्षं नाटकांचे कपडे शिवते आहे, पण असा अर्ध्यात सोडलेला पोशाख मी पाहिला नव्हता.

"बूट?" मी विचारलं.

"बूट अधिकाऱ्यांना. अस्करीला नाहीत. वडील मागायचे," आजी म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.

पुढचं असं, की त्या पट्ट्या रोज सकाळी बांधायचं काम आजींचं होतं. वय सात. वडील उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि ही चिमुरडी त्यांच्या पायाशी बसून घोट्यापासून वर पट्टी गुंडाळत न्यायची. आता आमच्या गल्लीत दर जुलैत रस्ता बंद करून बार्बेक्यू होतो, आणि त्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यातून निघालं होतं की सगळ्यांनी आपल्या आजीआजोबांच्या किंवा आईवडिलांच्या काळचे कपडे घालून परेड काढायची. आजींना वडिलांचा गणवेश परेडमध्ये हवा होता. शिवायला मी. घालायला बाबा. आजींना स्वतः काही घालायचं नव्हतं. "मला फक्त बांधायचं आहे," त्या म्हणाल्या. "एकदा."

मी वर जाऊन बाबांना सांगितलं. ते दाढी करत होते. त्यांचा ब्रश थांबला.

"बाईमाणूस माझ्या पायाशी बसणार? छ्या छ्या. पाप आहे ते. आणि लोक काय म्हणतील?"

"कोण लोक, बाबा? हे मिल्टन आहे."

"मिल्टनला लोक नाहीत का?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या मंडळातल्या बायकांना ही बातमी कळायला दोन दिवस लागले असते आणि शेजारच्या ब्रॅम्पटन गावच्या बायकांना तीन. पण मी फोटो पुढे केला. बाबांनी हात पुसले, चष्मा लावला, आणि फोटोला, मी शपथेवर सांगते, सावधान उभं राहून पाहिलं. युनिफॉर्म म्हटल्यावर बाबांचं असं होतं. इथल्या पोस्टमनलाही ते मनातल्या मनात सलाम करतात.

"पट्ट्या आम्हालाही होत्या," ते म्हणाले. "भरती झालो तेव्हा. नंतर बंद झाल्या. पण अनवाणी पायावर पट्ट्या? हा कुठला ड्रेस कोड?" मग बराच वेळ गालावरचा साबण वाळू दिला आणि अट घातली. बाईंची पट्टी बांधून झाली की ते वाकून त्यांना नमस्कार करणार. म्हणजे फिट्टंफाट. आजींना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

मग आमच्या बेसमेंटमध्ये जे काही सुरू झालं त्याला माझ्या नवऱ्यानं 'दोन सरकारांची पोलीस चौकी' असं नाव दिलं. खाकी कापड ब्रॅम्पटनला मिळालं. तिथल्या दुकानदारानं हिंदीत विचारलं, "ड्रामा है क्या, बहनजी?" मी हो म्हटलं, आणि ते तसं खरंच होतं. निळी जर्सी सेकंडहँड दुकानात सापडली, छातीवर कुठल्याशा हॉकी टीमचं बोधचिन्ह होतं ते मी उसवून काढलं. पट्ट्यांसाठी जाड निळं लोकरी ब्लँकेट कापलं, एका पायाला नऊ फूट.

टोपीवरून मात्र युद्ध झालं. फोटोत टोपी काळी दिसत होती. मी कॉम्प्युटरवर शोधलं तर कुठल्या प्रांतात लाल, कुठे काळी, कुठे खाकी खोळ घातलेली, नुसता गोंधळ. आजी म्हणाल्या, लाल. मी म्हटलं, आजी, तुम्ही सात वर्षांच्या होता, नक्की का? मला संशय घ्यायची सवय आहे, कारण मंडळातले नट स्वतःच्या डोक्याचं माप खोटं सांगतात. आजींनी माझ्याकडे पाहिलं. "पावसात रंग जायचा," त्या म्हणाल्या. "घरी आले की कपाळ लाल असायचं. मी ओल्या फडक्यानं पुसायचे." विषय संपला. मी लाल फेल्टचं जाड कापड आणलं आणि कुकरच्या उभ्या डब्यावर ओलं ताणून टोपी घडवली. गोंडा आमच्या हॉलच्या पडद्याचा. अजून आमचा एक पडदा बिनगोंड्याचा आहे.

मध्येच एकदा आजींची मुलगी आली. टेबलावरची लाल टोपी बघितली आणि तिचा चेहरा उतरला. ती मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, "लूक, आय नो शी लव्ह्ड हिम. पण हे कपडे घालून माणसं गावात शिरली की आमचेच लोक पळून जायचे. मी हे शाळेत शिकवते. रस्त्यावरून हे मिरवायचं आणि वर हॉट डॉग खायचे?"

मी म्हणाले, "त्यांना फक्त बांधायचं आहे." तिनं टोपी उचलून पाहिली, परत ठेवली, आणि नाही म्हणाली नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात रंगीत तालीम ठरली. बाबा बेसमेंटमध्ये स्टुलावर चढून उभे. लाल टोपी, निळी जर्सी, आणि खाली खाकी हाफ पँट, जिला बाबांनी स्वतः साबुदाण्याची खळ घालून अशी इस्त्री केली होती की ती बाबांच्या आधी उभी राहायची. ते इतके देखणे दिसत होते की मला मोठ्यानं शीळ वाजवावीशी वाटली, आणि मी वाजवलीही. ब्याऐंशी वर्षांचा हवालदार लाजला. आजी दोन्ही हात तोंडावर ठेवून हसत होत्या आणि चवड्यांवर उभ्या राहून नाचत होत्या. मग त्या खाली उशीवर बसल्या.

त्यांच्या हातांना सगळं आठवत होतं. आधी घोट्याला दोन वेढे, मग दर वेढा खालच्या वेढ्याच्या निम्म्यावर, नडगीपाशी एक पीळ, गुडघ्याखाली फीत बांधून टोक आत खोचलेलं. डोळे मिटून केल्यासारखं. दोन्ही पाय झाल्यावर त्यांनी बाबांच्या पोटरीवर हलकी थाप मारली. बाबा खाली उतरले, ठरल्याप्रमाणे वाकून नमस्कार केला, पाठ ताठ केली, आणि संचलन सुरू केलं. एक, दोन, एक, दोन.

सहाव्या पावलाला डाव्या पायाची पट्टी सुटली. आधी एक वेढा ढिला पडला, मग सगळी पट्टी सळसळत खाली आली आणि बाबांच्या मागे फरशीवर लांब पसरली.

मी हसले. बाबाही हसले. पट्टी सुटणं ही विनोदी गोष्ट आहे, कुणीही हसेल. आजी हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा असा झाला की मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. मला वाटलं चक्कर आली.

"म्हणजे मीच," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं तेच."

मग त्यांनी ते सांगितलं, जे त्यांनी मुलीलाही कधी सांगितलं नव्हतं. एकदा मोठा साहेब तपासणीला आला होता. सगळे अस्करी मैदानात रांगेत, गाव बघायला जमलेलं, ही पोर आईच्या शेजारी उभी. साहेब रांगेतून फिरून गेला, मार्च करायचा हुकूम झाला, आणि सगळ्यांदेखत वडिलांच्या डाव्या पायाची पट्टी सुटली. मागच्या माणसाचा पाय त्यावर पडला, तो अडखळला. साहेबानं वडिलांना बाहेर काढलं आणि तिथंच बाहीवरची फीत चाकूनं कापली. आठवड्यात त्यांची बदली झाली, लांब, जिथे ताप असतो तिथे. तिथून ते परत आले नाहीत.

"त्या संध्याकाळी ते मला काहीच बोलले नाहीत," आजी म्हणाल्या. "पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायाशी बसायला गेले तर त्यांनी पट्टी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः बांधली. निघेपर्यंत रोज स्वतः."

सत्तर वर्षांहून अधिक काळ या बाईनं हे एकटीनं बाळगलं होतं. आणि तीन हिवाळे बाबांच्या पोटऱ्या बघत ठरवलं होतं की एकदा परत बांधून बघायचं, टिकते का. मला वाटत होतं आम्ही फॅन्सी ड्रेस करतो आहोत. त्या निकाल बघायला आल्या होत्या, आणि निकाल विरुद्ध लागला होता. त्या उठल्या, पर्स घेतली, मला थँक यू म्हणाल्या आणि गेल्या. परेडचं राहू दे, म्हणाल्या.

मी जमिनीवरची पट्टी उचलली आणि माझ्या हाताला ती कडक लागली. पापडासारखी. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहिलं.

"बाबा, पट्ट्यांना खळ घातलीत?"

"घातली."

"लोकरीला?"

"युनिफॉर्मला खळ घालतातच."

आता यात मी त्यांना एकट्याला दोष देऊ शकत नाही. आमच्या घरात खळ हा धर्म आहे. सासूबाई उशांच्या अभ्र्यांना खळ घालायच्या. मी ग्रोसरीला गेले असताना बाबांनी पातेलंभर साबुदाणा शिजवला, हाफ पँट बुडवली, आणि उरलेलं वाया कशाला घालवा म्हणून त्यात पट्ट्याही बुडवल्या. नंतर ते पातेलं मीच घासलं होतं, आणि माझ्याही डोक्यात काही आलं नाही. लोकर पायाला धरून राहते ती मऊ असते म्हणून. आम्ही तिचा पुठ्ठा केला होता. कोणीही बांधली असती तरी ती सहाव्या पावलाला सुटलीच असती. आमच्या साबुदाण्यानं एका निरपराध बाईला दुसऱ्यांदा दोषी ठरवलं होतं!

मी बाबांवर ओरडले, नंतर स्वतःवर ओरडले, मग गरम पाण्यात दोन्ही पट्ट्या चार वेळा धुतल्या. आजी मात्र दार उघडेनात. फोन केला तर मुलगी म्हणाली, शी इज रेस्टिंग. तीन दिवस त्यांचं रेस्टिंग चाललं. चौथ्या दिवशी सकाळी बाबा मला न विचारता धुतलेल्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या छातीशी धरून शेजारी गेले. मी खिडकीतून बघत होते. दार उघडलं गेलं. बाबांनी पट्ट्या पुढे केल्या आणि आयुष्यातलं सगळ्यात लांब इंग्रजी भाषण केलं.

"मॅडम. माय मिस्टेक. स्टार्च. यू व्हेरी गुड. स्टार्च नो गुड."

दार तसंच उघडं राहिलं. मग आजींनी पट्टीचं टोक दोन बोटांत चुरगळून पाहिलं.

परेडच्या दिवशी सकाळी अकरा वाजताच त्या आमच्या ड्राइव्हवेवर हजर. मुलगीही आली होती, हाताची घडी घालून. गल्लीत एकेक नमुना बाहेर पडायला लागला होता: समोरचे युक्रेनियन भरतकामाच्या सदऱ्यात, कोपऱ्यावरच्या पंजाबी काकू आजीच्या घागऱ्यात, आणि माझा नवरा आजोबांच्या धोतरात, जे त्यानं बेल्ट लावून नेसलं होतं. आजी उशीवर बसल्या. पट्ट्या बांधल्या. थाप मारली. बाबांनी नमस्कार केला आणि निघाले.

ते आमच्या दारापासून कोपऱ्याच्या मेलबॉक्सपर्यंत गेले. आले. पुन्हा गेले. पाय आपटले. उड्या मारल्या, ब्याऐंशीच्या वयात, माझा जीव खालीवर. जुलैच्या उन्हात डांबर इतकं तापलं होतं की ते अनवाणी पाय चटाचट उचलत होते आणि सगळ्यांना वाटत होतं की ती अस्करीची खास चाल आहे. टाळ्या पडल्या. पट्टी जागची हलली नाही. एक वेढासुद्धा नाही. मी "आजी!" म्हणून किंचाळले आणि त्यांना मिठी मारली, आणि आम्ही दोघी ड्राइव्हवेवर गोल गोल फिरलो.

पण आजी मध्येच थांबल्या. "मग तेव्हा कशी सुटली?" त्यांनी विचारलं. "तेव्हा तर स्टार्च नव्हता."

मी ते बाबांना मराठीत सांगितलं. बाबा परत येऊन गवतावर पाय थंड करत होते. त्यांनी टोपी काढली.

"विचार त्यांना," ते म्हणाले, "त्या आधी काही झालं होतं का? वडील काही बोलले होते का साहेबाला?"

आजींनी आठवून सांगितलं. पावसाळा होता. एका शिपायाच्या पायात काटा जाऊन पाय चिघळला होता. वडिलांनी साहेबासमोर उभं राहून सगळ्यांसाठी बूट मागितले होते. पण ते आधीचं, म्हणाल्या, तपासणीच्या दोन दिवस आधीचं. त्याचा काही संबंध नाही.

"बूट मागितले?" बाबा म्हणाले. "सगळ्यांसाठी?" आणि ते गॅरेजमध्ये शिरले. बाहेर आले ते माझ्या मुलीची हॉकी स्टिक घेऊन. ड्राइव्हवेच्या मधोमध उभे राहिले आणि ती स्टिक साहेबाच्या छडीसारखी काखेत धरली.

"सांग त्यांना. तपासणी करणारा असा रांगेतून चालतो. बकलाकडे बघतो, बटणाकडे बघतो. छडी खाली. आणि जाता जाता..." त्यांनी स्टिकचं टोक स्वतःच्या डाव्या गुडघ्याखाली नेलं, खोचलेली फीत अलगद वर उचलली, आणि स्टिक परत काखेत. निमिषाचं काम. मी समोर उभी होते, मलाही नीट दिसलं नाही. मग त्यांनी पावलं टाकली. एक, दोन, तीन. पट्टी सळसळत खाली आली.

बाबा माझ्याकडे बघून बोलत होते, पण मराठीत असूनही मला ते समजायला वेळ लागला.

"मी केलंय हे. रिक्रूट शिकवायचो तेव्हा. एका पोरानं लेखी तक्रार केली होती की आमटीत अळ्या निघतात. साहेब म्हणाले, जरा बघ त्याच्याकडे. मी बघितलं. परेडला त्याची पट्टी सुटली. नंतर त्याला घरी धाडलं. पोरगा बांधायचा चांगलं. माझ्यापेक्षा चांगलं." त्यांनी स्टिक खाली ठेवली. "सांग सगळं. माझं पण सांग."

मला नव्हतं सांगायचं. माझ्या मुलीला खांद्यावर घेऊन सहा महिने झोपवणारा, पोस्टमनला सलाम करणारा माझा सासरा तिथं लाल टोपी हातात घेऊन उभा होता, आणि मी ते मऊ करून, अर्धं गाळून सांगू शकले असते. दोन्ही भाषा माझ्याच हातात होत्या. मी सगळं सांगितलं.

आजींनी ते ऐकून घेतलं. मग त्या बाबांच्या समोर गेल्या. मला वाटलं आता काय करतात. त्यांनी खाली पडलेली पट्टी उचलली, शिस्तीत गुंडाळली, आणि गवतावर, उशीशिवाय, खाली बसल्या. "सरळ उभा राहा, सार्जंट," त्या म्हणाल्या, आणि डावा पाय पुन्हा घोट्यापासून बांधायला घेतला. अर्ध्यात त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. रडतही होत्या, पण हसतही होत्या, आणि हसणं वरचढ होतं. "मी नाही," त्या फीत खोचता खोचता म्हणत होत्या, "मी नव्हतेच." मग पोटरीवर थाप मारून उठल्या आणि मला हुकूम सोडला.

"बूट आण."

"आजी, बूट नव्हते ना पण," मी म्हणाले. माझ्यातली कपडेपटवाली अशा वेळीही गप्प बसत नाही. "फोटोत अनवाणी आहेत. चुकीचं दिसेल."

"त्यांनी मागितले होते," आजी म्हणाल्या. "दे."

बाबांचे बूट मॉलचे, पांढरे, ते काही शोभेनात. घरात त्या मापाचे मजबूत बूट एकच होते, नवऱ्याचे स्नो बूट, बर्फ उपसताना घालायचे, आतून लोकरीचं अस्तर, वजन दोन कलिंगडांएवढं. जुलै महिना, तीस डिग्री. मी ते आणून गवतावर ठेवले. बाबांनी पाय घातले आणि नाड्या बांधायला खाली बसता येईना म्हणून इकडेतिकडे पाहिलं. तेव्हा आजींची मुलगी, इतका वेळ हाताची घडी घालून उभी असलेली, पुढे आली, गुडघ्यावर बसली आणि तिनं दोन्ही बुटांच्या नाड्या आवळून बांधल्या. तिनं काही दुरुस्त केलं नाही.

परेड निघाली. भरतकामाचे सदरे, घागरे, बेल्टवालं धोतर, सायकलींवरची मुलं, आणि सगळ्यांच्या पुढे लाल टोपीचा, निळ्या पट्ट्यांचा, स्नो बूट घातलेला अस्करी, धप्प धप्प करत, घामानं निथळत. टोपीचा रंग पक्का आहे की नाही ते मी बघितलंच नव्हतं. मेलबॉक्सपाशी पोचेपर्यंत बाबांच्या कपाळावरून लाल ओघळ यायला लागले.

आजी त्यांच्या मागून चालत होत्या. त्यांनी ते पाहिलं, पर्समधून रुमाल काढला, माझ्या बाटलीतल्या पाण्यात भिजवला, आणि अख्खी परेड थांबवून बाबांचं कपाळ पुसलं.